ऋण कीं चौर्य?

चोरी कशास म्हणावें हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतका सोपा वाटतो कीं, त्यावर चार पानें खर्ची घालण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. दुसऱ्याची वस्तु त्याच्या अनुमतीवांचून घेणें म्हणजे चोरी, ही व्याख्या लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ही व्याख्या गाईला, दागिन्याला आणि शेताच्या बांधाला जितकी चपखल बसते तितकी ती सुराला बसत नाहीं. शेजाऱ्याची गाय सोडून नेली तर त्याचा गोठा रिकामा होतो. त्याचा सूर उचलला तरी तो त्याच्या कंठांत जसाच्या तसा राहतो. मग नेलें तें काय, आणि तें गेलें कोणाचें? ध्वनि मुद्रित करण्याची युक्ति निघाल्यापासून, आणि मुद्रित ध्वनीचे तुकडे पाडून त्यांपासून नवें संगीत रचणारीं यंत्रें निघाल्यापासून, या जुन्या प्रश्नाला नवी धार आली आहे. त्याचा ऊहापोह आम्ही एका अमेरिकन संगीतकाराच्या चरित्राच्या आधारें करूं इच्छितों. त्याचें नांव जेम्स ड्युइट यान्सी. जग त्याला 'जे डिला' या नांवानें ओळखतें.

तो रॅपर होता असें म्हणतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं क्षणभर धीर धरावा. तालावर यमकबद्ध भाषण करण्याचा हा प्रकार १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, गरीब वस्त्यांतील तरुणांत जन्मास आला. नवीं वाद्यें घेण्याची ऐपत नसलेल्या या तरुणांनीं घरांतील जुन्या तबकड्या हींच आपलीं वाद्यें केलीं. एखाद्या गीतांत केवळ ढोल वाजत असतो असा थोडा भाग हेरावयाचा, तोच पुन्हा पुन्हा वाजवावयाचा, आणि त्यावर बोलावयाचें, अशी ही मूळची रीत. पुढें 'सँपलर' नांवाचें यंत्र आलें. या यंत्रांत कोणताही मुद्रित ध्वनि भरून घेतां येतो, त्याचे तुकडे करतां येतात, व ते तुकडे बोटांखालच्या चौकोनी पट्ट्यांवर मांडून वाद्याप्रमाणें वाजवितां येतात. असे तुकडे जोडून संगीत सिद्ध करणारा जो रचनाकार, त्यालाच या क्षेत्रांत 'प्रोड्यूसर' म्हणतात. यान्सी रॅपर होता खरा. पण त्याची कीर्ति आहे ती या दुसऱ्या कलेसाठीं.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ रोजीं डेट्रॉइट शहरांत झाला. वडील जाझ-संगीतांत बास वाजवीत. आईनें ऑपेराच्या गायनाचें शिक्षण घेतलें होतें. कोनंट गार्डन्स या वस्तींत तो वाढला आणि शाळेंतील दोघां सोबत्यांसह त्यानें 'स्लम व्हिलेज' हें मंडळ काढलें. १९९५ सालीं 'द फारसाइड' या मंडळाच्या संग्रहांतील कामानें त्याचें नांव जाणकारांत झालें. १९९६ पासून 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या नामांकित मंडळाबरोबर, व २००० सालीं कॉमन या रॅपरच्या संग्रहासाठीं त्यानें रचना केल्या. २००१ मध्यें 'वेलकम टू डेट्रॉइट' हा स्वतःच्या नांवाचा संग्रह काढला. पुढें रक्ताच्या एका दुर्मिळ विकारानें आणि ल्युपस या रोगानें त्याला ग्रासलें. 'डोनट्स' हा एकतीस लहान लहान रचनांचा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजीं, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशीं, प्रसिद्ध झाला. आणि तिसऱ्या दिवशीं, १० फेब्रुवारीस, लॉस एंजेलिस येथें त्याचें देहावसान झालें. हा संग्रह त्यानें रुग्णालयाच्या खाटेवर घडविला अशी आख्यायिका रूढ आहे. डॅन चार्नस या चरित्रकारानें २०२२ च्या आपल्या ग्रंथांत, मूळ रचना बव्हंशीं त्यापूर्वींच झाल्या होत्या असें दाखवून दिलें आहे. आख्यायिका गेली तरी संग्रहाचें मोल उणें होत नाहीं.

आतां पूर्वपक्ष मांडूं. या एकतीस रचनांचा फार मोठा भाग जुन्या तबकड्यांवरून घेतलेला आहे. गळे दुसऱ्यांचे, तंतुवाद्यें दुसऱ्यांचीं, ढोलही पुष्कळदां दुसऱ्यांचे. मग यान्सीचें त्यांत काय? आणि जें त्याचें नाहीं तें त्यानें घेतलें, यास चोरीवांचून दुसरें नांव कोणतें?

अमेरिकन न्यायासनानें एके काळीं हेंच उत्तर मोठ्या कडकपणें दिलें. १९९१ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथील न्यायाधीश केव्हिन डफी यांच्यापुढें बिझ मार्की या रॅपरच्या एका गीताचा खटला आला. गिल्बर्ट ओ'सुलिव्हन यांच्या १९७२ च्या गीतांतील तुकडा त्यानें परवानगीवांचून वापरला होता. न्यायाधीशांनीं निकालपत्राचा आरंभच बायबलांतील चोरी न करण्याच्या आज्ञेनें केला, गीताची विक्री थांबविली, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठविलें. मार्कीनें १९९३ च्या आपल्या पुढच्या संग्रहास, यांतील सर्व तुकड्यांना परवानगी घेतलेली आहे, अशा अर्थाचें खोंचक नांव दिलें. २००५ सालीं दुसऱ्या एका वरिष्ठ न्यायालयानें, सुमारें दोन सेकंदांच्या गिटारीच्या तुकड्यासंबंधीं निर्णय देतांना, ध्वनिमुद्रणांतील कितीही लहान अंश घेतला तरी परवानगी हवीच असें ठरविलें. उलट २०१६ सालीं, मडोनाच्या गीतांतील पाव सेकंदाहूनही लहान अशा एका स्वनादाबद्दल निर्णय देतांना, देशाच्या दुसऱ्या भागांतील तितक्याच अधिकाराच्या न्यायालयानें तें मत अमान्य केलें. एकाच देशांत, एकाच कायद्याखालीं, एका प्रांतांत जें चौर्य तें दुसऱ्यांत निर्दोष! जेथें न्यायाधीशांचें एकमत नाहीं, तेथें सामान्य माणसानें स्वतः विचार करण्यास प्रत्यवाय नसावा.

आमच्या साहित्यशास्त्रज्ञांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक आरशांतील प्रतिबिंबासारखें. त्यास स्वतःचा आत्मा नाहीं. दुसरें चित्रासारखें, त्यांतील आत्मा क्षीण. तिसरें सारख्या शरीराच्या दोन मनुष्यांसारखें. अवयव मिळतेजुळते, पण जीव ज्याचा त्याचा. पहिले दोन कवीनें टाळावे, तिसऱ्यास दोष नाहीं, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याच्यानंतर राजशेखरानें काव्यमीमांसेंत हरणाचे भेद मोठ्या बारकाईनें पाडले. त्याचा एक उद्गार मात्र चमत्कारिक आहे: कवींत आणि व्यापाऱ्यांत चोर नाहीं असा कोणी नाहीं, ज्याला लपवितां येतें तो निंदेवांचून सुखानें नांदतो, असा त्याचा आशय. हा उपदेश कीं उपरोध, याचा निर्णय पंडितांनीं करावा. व्यवहाराचें वर्णन म्हणून तो आजही खरा आहे. जो रचनाकार जुन्या गीताचा ढंग उचलतो, दोन सूर इकडचे तिकडे करतो, नवे वादक बसवून तेंच पुन्हा वाजवून घेतो, त्याला कायदा सहसा हात लावीत नाहीं. आणि जो मूळ आवाजच उघडपणें श्रोत्यांपुढें ठेवतो, त्याला तो पकडतो. झांकणारा सुटतो, दाखविणारा अडकतो. नीतीच्या दृष्टीनें हा न्याय उफराटा आहे.

यान्सीच्या रचना या दोन कसोट्यांवर घांसून पाहूं. पहिली कसोटी आत्म्याची. फारसाइडसाठीं केलेल्या त्याच्या प्रसिद्ध रचनेंत स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे लुईझ बोन्फा यांच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणांतील गिटारीचा तुकडा आहे. मूळचें संगीत मंद समुद्रवाऱ्यासारखें. नव्या रचनेंत तेंच स्वर संकटाला पाठ दाखवून पळणाऱ्या, आणि पळणें कधीं थांबवावें या विचारांत पडलेल्या तरुणाची अस्वस्थता बोलूं लागतात. शरीर ओळखीचें, जीव निराळा. 'डोनट्स' मध्यें 'टू कॅन विन' म्हणजे 'दोघे जिंकूं शकतात' अशा नांवाची रचना आहे. ती 'द सिल्व्हर्स' या मंडळाच्या ज्या गीतावरून घेतली, त्याच्या नांवाचा अर्थ 'एकच जिंकूं शकतो' असा होतो! पूर्वसूरींचें वाक्य घेऊन त्याचाच निषेध करणें याला प्रतिबिंब कोण म्हणेल? आरसा उलट बोलत नाहीं.

दुसरी कसोटी प्रांजळपणाची. त्याच संग्रहांत 'डोन्ट क्राय', म्हणजे 'रडूं नको', अशी एक रचना आहे. तिचा आधार 'द एस्कॉर्ट्स' या मंडळाचें एक गीत. हें मंडळ न्यू जर्सी संस्थानांतील तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्या बंदिवानांनीं काढलें होतें, आणि त्याचा पहिला संग्रह १९७३ सालीं निघाला. यान्सीनें येथें कांहीं लपविलें नाहीं. तो प्रथम मूळ गीतच बराच वेळ वाजूं देतो. श्रोत्याचे कान त्या आर्त गळ्यांशीं परिचित झाले म्हणजे मग त्याचे बारीक तुकडे करून त्यांची नवीच गुंफण आरंभतो. जणू तो सांगतो कीं, हें मला मिळालें, आणि याचें मी हें केलें. आम्हां अध्यापकांच्या व्यवहारांत यालाच अवतरण म्हणतात. विद्यार्थ्यानें आपल्या निबंधांत दुसऱ्याचें वाक्य घेऊन खालीं त्याचें नांव लिहिलें तर आम्ही त्यास व्युत्पन्न म्हणतों; नांव न लिहितां तेंच वाक्य फिरवून लिहिलें तर त्याचे कान उपटतों. शब्दांच्या राज्यांत जो शिष्टाचार, तोच ध्वनींच्या राज्यांत अपराध व्हावा, याचें कारण ध्वनीच्या स्वरूपांत शोधून सांपडत नाहीं. तें बाजाराच्या स्वरूपांत सांपडतें.

यान्सीचें खास स्वतःचें असें जें होतें, तें तर कोणत्याही तबकडींतून उचलतां येण्यासारखें नव्हतें. त्याच्या हातीं जपानी बनावटीचें 'एमपीसी' हें यंत्र असे. चुकीच्या वेळीं पडलेला ठोका आपोआप नेमक्या जागीं नेऊन बसविण्याची सोय त्यांत असते. इतर रचनाकार या सोयीवर विसंबून घड्याळासारखा ताल मिळवीत. यान्सी ही दुरुस्ती कधीं नाकारी, कधीं एका वाद्याचे ठोके मुद्दाम किंचित् पुढें व दुसऱ्याचे किंचित् मागें सरकवी. त्यामुळें ताल मोडत नाहीं, पण श्वास घेऊं लागतो. यंत्राकडून त्यानें मनुष्याचें चालणें वदवून घेतलें. पुढें 'द रूट्स' मंडळाचे अमीर थॉम्पसन यांच्यासारखे निष्णात ढोलवादक हातांनीं तसें वाजविण्याचा अभ्यास करूं लागले. चार्नस यांनीं या कालभानालाच 'डिला टाइम' असें नांव देऊन तेंच आपल्या ग्रंथाचेंही नांव केलें आहे.

येथवर आमचा कौल यान्सीच्या बाजूनें आहे. परंतु येथेंच थांबणें सोयीचें असलें तरी प्रामाणिक होणार नाहीं. चोरी झाली नाहीं असें ठरलें म्हणून देणें फिटलें, असें होत नाहीं. हे प्रश्न दोन आहेत, आणि पहिल्याच्या गलबल्यांत दुसरा नेहमीं हरवतो.

दुसरा प्रश्न किती खरा आहे हें क्लाइड स्टबलफील्ड या वादकाच्या कथेवरून कळेल. तो जेम्स ब्राउन यांच्या मंडळींत ढोल वाजवी. १९६९ च्या नोव्हेंबरांत सिनसिनाटी येथें 'फंकी ड्रमर' या गीताचें ध्वनिमुद्रण झालें, आणि त्यांत थोडा वेळ इतर वाद्यें थांबून एकट्या स्टबलफील्डचा ढोल ऐकूं येतो. तेवढाच तुकडा पुढें शेंकडों रॅप-गीतांचा पाया झाला. गीताचे कर्ते म्हणून नांव लागलें ब्राउन यांचें. वादकाच्या वांट्यास या पुनरुपयोगाचा मोबदला जवळजवळ आलाच नाहीं. ज्याचें वापरलें त्यास कांहीं न देणें हा अनादर आहे, अशा अर्थाचें त्यानें उतारवयांत बोलून दाखविलें. २०१७ सालीं तो वारला. ग्रेगरी कोलमन याची कथा याहून करुण आहे. 'द विन्स्टन्स' मंडळाच्या १९६९ च्या एका तबकडींत त्यानें वाजविलेले सुमारें सहा सेकंदांचे ठोके जगभर असंख्य गीतांत गेले. आणि तो स्वतः २००६ सालीं, म्हणजे यान्सी ज्या वर्षीं गेला त्याच वर्षीं, निराश्रित अवस्थेंत मरण पावला.

कायदा कडक असता तर या दोघांचें कल्याण झालें असतें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कायदा विचारतो, मालक कोण? आणि ध्वनिमुद्रणाचा मालक बहुधा तें छापणारी कंपनी असते. वाजविणाऱ्याची मजुरी त्या दिवशींच चुकती झालेली असते. २००५ च्या निकालांतील गिटारीचा तुकडा जॉर्ज क्लिंटन यांच्या मंडळाचा होता. पण वादी कंपन्या होत्या, आणि आपल्या गीतांच्या मालकीवरून क्लिंटन स्वतःच वर्षानुवर्षें तंटा करीत होते. म्हणजे चोरीची फिर्याद मांडणारा वेगळा, आणि ज्याचा घाम गेला तो वेगळा. अशा स्थितींत परवानगीची रक्कम भरून रचनाकार निर्दोष ठरतो, पण अनृण ठरत नाहीं.

उलट बाजूनें, आपण पूर्वसूरींस वंदन करतों म्हणून आपलें देणें फिटलें, असें मानणारे रचनाकारही पुष्कळ आहेत. वंदनानें कोणाचें घरभाडें भागत नाहीं. ज्या बंदिवानांच्या गळ्यांवर 'डोन्ट क्राय' उभी आहे, त्यांचा त्या रचनेच्या कीर्तींत कांहींच वांटा नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? यान्सीची प्रतिभा मान्य करूनही हा प्रश्न त्याच्या भक्तांना टाळतां येणार नाहीं.

आणि दैवगति अशी कीं, यान्सी स्वतःही पुढें धनको झाला. जीवंतपणीं त्याचें बरेंच काम 'द उम्मा' या सामायिक नांवाखालीं निघाल्यानें त्याचा वांटा सामान्य श्रोत्यांस कळला नाहीं. मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीचे व्यवस्थापक आणि कुटुंबीय यांच्यांत त्याचें नांव व संगीत वापरण्याच्या हक्कांवरून तंटे माजले. त्याची ताल सरकविण्याची रीत तर देशोदेशींच्या वादकांनीं उचलली, आणि तिच्याबद्दल कोणीं कोणास कांहीं देण्याचा प्रश्नच नाहीं. कारण चालण्याच्या ढंगावर कोणाची मालकी नोंदवितां येत नाहीं. त्याच्या आईनें २०१४ सालीं त्याचें तें यंत्र वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयास अर्पण केलें. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले व नव्यानें वांटले, त्याचें उपकरण शेवटीं सर्वांचें झालें, हें योग्यच होय.

मग करावें काय? आमच्या परंपरेंत ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्ञान पूर्वजांकडून मिळतें. तें त्यांस परत करतां येत नाहीं, म्हणून अध्ययन-अध्यापनानें पुढें चालवून त्यांतून मुक्त व्हावयाचें असतें. मृत वादकांच्या बाबतींत ही कल्पना पुरेशी आहे, आणि त्या अर्थानें यान्सीनें आपलें ऋण फेडलें असें आम्ही म्हणूं. विस्मृतींत गेलेल्या कित्येक तबकड्या त्याच्यामुळें पुन्हा लोकांच्या कानीं पडल्या. परंतु ऋषींना घरभाडें नव्हतें. जीवंत वादकास ऋषिऋणाचा श्लोक ऐकवून वाटेस लावणें म्हणजे तत्त्वज्ञानाचा दुरुपयोग होय. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानें, एकदां मुद्रित होऊन प्रसिद्ध झालेलें गीत ठराविक मोबदला भरून दुसऱ्या कोणासही नव्यानें गाऊन मुद्रित करण्याची मुभा दिली. मालकाची मनधरणी करावी लागत नाहीं, आणि रचनाकाराचा वांटाही बुडत नाहीं. ध्वनिखंडांसाठीं अशी सोय नाहीं. ती करणें, आणि त्या मोबदल्याचा एक निश्चित भाग कंपनीच्या पेटींत न जातां, ज्यांच्या हातांनीं व गळ्यांनीं तो ध्वनि निघाला त्यांच्या घरीं जाईल अशी तजवीज करणें, हें आमच्या अल्पमतीप्रमाणें न्यायाचें होईल. दर किती असावा, वांटणी कशी व्हावी, याचा खल तज्ज्ञांनीं करावा.

तोंपर्यंत आपणां श्रोत्यांकडेही एक लहानसें कर्तव्य उरतेंच. एखादी रचना आवडली असतां तिच्यांत कोणाकोणाचा श्वास मिसळला आहे, याची चौकशी करणें कठीण नाहीं. ही माहिती आज सहज मिळते. यान्सीच्या मागें एस्कॉर्ट्स, गेट्झ, बोन्फा, सिल्व्हर्स उभे आहेत. त्यांच्याही मागें आणखी कित्येक निनांवी वादक असतील. त्या सर्वांचीं नांवें शोधून त्यांचीं मूळ गीतें एकदां ऐकावीं, आणि जेथें शक्य असेल तेथें त्यांची तबकडी विकत घ्यावी. एवढ्यानें देणें फिटणार नाहीं. पण देणें आहे ही जाणीव तरी बुडणार नाहीं.